तारेवर घेतलेलं नाव

पहिल्या दिवशी भिवराबाईला वाटलं, आपल्या कानालाच काहीतरी झालं. बाभळीखाली बसलेला मिलिटरीवाला तिच्या नवऱ्याला हाका मारत होता.

"हॅलो भुजंग. भुजंग. भुजंग, बोलो."

नवरा तर समोरच, वाघरीच्या मेखा ठोकत होता. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती माणिकरावांच्या रानात लावायची, मेंढरं रात्रभर तिथं बसवायची आणि खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, हा त्यांचा दरसालचा रिवाज. भुजंगनं हातातला दगड खाली ठेवला, "ओ" दिली आणि मुंडासं नीट करत बाभळीकडं गेला. मिलिटरीवाल्यानं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. तो एका डब्याशी बोलत होता.

तिकडून परत आलेल्या नवऱ्याचं तोंड बघून भिवराबाईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. चांगला उंचापुरा, मिशीवाला माणूस, आणि एका डब्यानं त्याला फसवलं.

मिलिटरीच्या गाड्या आल्या तेव्हा लोकांना आधी भलतंच वाटलं होतं. सेलू रोडच्या भिंतींवर नामांतर झालंच पाहिजे आणि होऊ देणार न्हाई, असं दोन्ही एकाखाली एक लिहिलेलं. त्यामुळं गाड्यांची रांग दिसली तशी गावात दारं लागली. पुन्हा अठ्ठ्याहत्तरसारखं काही पेटलं की काय. मग कळलं, ही खोट्या लढाईची तालीम आहे. देवगाव फाट्याच्या अंगाला तोफा मांडणार, जिंतूरकडच्या उघड्या डोंगरावर गोळे टाकणार, आणि झालं की निघून जाणार.

तोफांच्या आधी आली तार. काळी, करंगळीपेक्षा बारीक. चार माणसं मोठाल्या रिळावरून ती उलगडत बांधाबांधानं गेली. बाभळ आली की बेचक्याच्या काठीनं फांदीवर टाकायची, गाडीवाट आली की जमिनीत पुरायची, जोड आला की पट्टी गुंडाळायची. भिवराबाई बघत होती. तिला वाटलं, एवढं जपून तर आपण पोरीला सासरी धाडलं नव्हतं. एक तार डोंगराकडं, एक तोफांकडं, एक पाथरी रोडवरच्या तंबूतल्या मोठ्या ठाण्याकडं. तिन्ही येऊन मिळाल्या त्या नेमक्या वाड्याजवळच्या, म्हणजे त्यांच्या मेंढरांच्या तळाजवळच्या, बाभळीखाली. तिथं डबा ठेवला आणि डब्यापाशी बिष्ट नावाचा जवान बसवला. गढवालचा, चपट्या नाकाचा, गालावर थंडीनं भेगा पडलेला. त्याच्या आईकडंही मेंढरं होती, हे कळल्यापासून भिवराबाई त्याला शेळीच्या दुधाचा चहा द्यायला लागली.

बिष्टनंच तिला समजावलं. फौजेत ठिकाणांना खरी नावं नसतात. खरं नाव तारेवर बोललं आणि दुश्मनानं ऐकलं तर संपलं. म्हणून मोठ्या ठाण्याला अंबर म्हणायचं, डोंगरावर दुर्बीण घेऊन बसलेल्यांना गरुड, आणि तोफांच्या जागेला भुजंग. डोंगरावरच्यांना निशाण दिसतं पण तोफा नाहीत, तोफांवाल्यांना तोफा दिसतात पण निशाण नाही. दोघांच्या मधी ही तार. ती जिती असली तर तोफ डोळस, न्हाई तर आंधळी. आणि दर थोड्या दिवसांनी नावं बदलतात, असंही तो म्हणाला.

मनकर्णाबाईंनी, म्हणजे भिवराच्या सासूबाईंनी, एवढंच विचारलं की मग कधी बदलणार. लेकाचं नाव दिवसभर कुणी परक्यानं कोकलावं हे त्यांना रुचलं नव्हतं.

भिवराला तर त्याहून अवघड. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पोरगी उजवली, पण तिनं नवऱ्याचं नाव कधी जिभेवर आणलं नव्हतं. बाईनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आईनं सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. त्यातून हे नाव असं की रानात सापाचंही नाव घ्यायचं नसतं. त्याला लांबडं म्हणायचं. म्हणजे एकाच शब्दात दोन भीती. तहसिलीत रेशनकार्ड काढताना कारकुनानं मालकाचं नाव विचारलं, तर हिनं हाताचा फणा करून दाखवला. कारकुनानं नागोराव लिहिलं. तेव्हापासून भुजंग रेशनच्या साखरेपुरता नागोराव होता, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रारही नव्हती.

एकदाच, लग्नात, हळदीच्या अंगानं, बायकांनी दार अडवलं म्हणून तिनं उखाण्यात नाव घेतलं होतं. उखाण्यात चालतं. तिथं नाव एकटं नसतं. मागं-पुढं शब्द असतात, ते सांभाळून नेतात.

मंगळवारी गोळीबार संपायचा होता. कोतवाल मुंजाजीनं तशी दवंडी दिली होती, सोमवार-मंगळवार डोंगराच्या अंगाला कुणी जाऊ नये, बुधवारपासून रान मोकळं. पण मंगळवारी सकाळीच कुणाच्या तरी गाडीचं चाक तारेवरून गेलं. बिष्टनं डब्याचा दांडा फिरवून फिरवून पाहिला, कान लावला, आणि मान हलवली.

"भुजंग मर गया," तो म्हणाला.

मनकर्णाबाई चुलीपुढून उठल्या त्या हातात फुंकणी घेऊनच. त्यांनी त्या जवानाच्या सात पिढ्यांची विचारपूस अस्सल परभणीच्या बोलीत केली. त्याला शब्द कळला नसंल, फुंकणी कळली. त्यानं कान धरले आणि समजावलं की तार तुटली की असंच म्हणायची फौजेत पद्धत आहे. तोफांकडून आवाज येत नाही, म्हणून भुजंग मेला. आवाज आला की जिंदा. त्यावर मनकर्णाबाईंनी हुकूम सोडला, की मग जिंदा झाला म्हणजे तेही तेवढ्याच मोठ्यानं ओरडायचं. दिवस कलता कलता तुटलेली जागा सापडली, जोड बसला, आणि बिष्ट खरंच बाभळीखाली उभा राहून ओरडला, भुजंग जिंदा है. मेंढरं दचकली. भुजंग स्वतः तेव्हा एका कोकराला दूध पाजत होता. तो म्हणाला, मेहेरबानी.

त्या रात्री वाड्यावर सगळे हसले. हसण्याच्या नादात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली न्हाई. मंगळवारी दिवसभर तार मेलेली होती, म्हणजे मंगळवारी तोफा उडाल्याच नव्हत्या. राहिलेला गोळीबार बुधवारवर गेला होता. मुंजाजीनं त्याचीही दवंडी दिली, वेशीपासून मारुतीपर्यंत. पण वाडा गावाबाहेर, माणिकरावांच्या रानात. फौजेची तार थेट वाड्यापर्यंत आली होती. मुंजाजीचं ढोलकं न्हाई.

आणि भुजंग बुधवारी तांबडं फुटायच्या आधीच मेंढरं घेऊन निघून गेला होता. मेंढरांनी दोन दिवस नुसती धसकटं चघळली होती. डोंगराच्या पायथ्याला कोल्ह्याची घळ म्हणून एक खोलगट जागा आहे, तिथं अजून हिरवं होतं. रस्त्यावर पहारेकरी बसलेले असतील-नसतील. भुजंग जन्मात कधी रस्त्यानं चालला नव्हता. मेंढरं ओढ्याओढ्यानं जातात, त्यांच्या मागं तोही.

मनकर्णाबाई एका आजारी कोकराला घेऊन गावात वैदूकडं गेल्या. वाड्यावर भिवराबाई एकटी राहिली, डालग्याखाली झाकलेली कोकरं आणि बाभळीखाली बिष्ट.

ऊन डोक्यावर आलं. भिवराबाईनं चहा नेऊन दिला तर बिष्टचं लक्ष नव्हतं. आज गरुडाकडचा आवाज येत न्हवता. त्यानं दांडा फिरवला, तारेचं टोक जिभेला लावून बघितलं, थुंकला, आणि पिशवी खांद्याला अडकवून सायकल उचलली. डब्याला हात लावू नको, शेळ्या जवळ येऊ देऊ नको, असं सांगून तो पायडलवर पाय ठेवत म्हणाला, की लाइन जुळली की तोफा सुरू, आज एकदाचं संपवून टाकू.

"काल संपलं न्हवं का, दादा?" भिवराबाईनं विचारलं.

"कल कहाँ, दीदी. कल तो भुजंग मरा पड़ा था."

ते शब्द ऐकले आणि भिवराबाईचा हात आपोआप मंगळसूत्राकडं गेला. तिनं बाजूला थुंकून दृष्ट टाळली, वर ढेकूळ उचलून मागं फेकलं. हे सगळं करण्यात जेवढा वेळ गेला तेवढा गेला. मग त्या वाक्याचा उरलेला अर्थ तिच्या डोक्यात शिरला. काल तोफा उडाल्या न्हाईत. आज उडणार. आणि घळीत मेंढरं आहेत, आणि मेंढरांमागं...

ती ओरडत पळाली. पण बिष्टची सायकल गाडीवाटेनं बाभळींच्या पलीकडं गेली होती, आणि वारा तिच्याकडं तोंड करून होता. तिचीच हाक तिच्याच अंगावर परत येत होती.

घळ लांब. पळत गेलं तर दिवस मावळंल. गाव जवळ, पण गावात जाऊन सांगायचं कुणाला? मुंजाजीला? तो ढोलकं वाजवंल. आणि इकडं तो बिचारा बिष्ट पायडल मारत तुटकी जागा शोधत चाललाय. त्याला ती सापडली, त्यानं दोन टोकं एकमेकाला पिळली, की तोफांना डोळे येणार. आपण चहा पाजला तोच माणूस जोड मारणार.

भिवराबाई बाभळीखाली आली आणि डब्यापुढं बसली.

तिनं दांडा फिरवला. चरखी घेऊन सूत काढणारी बाई ती, हाताला सवय होती. कानाला लावायचं ते उचललं. आतून खरखर आली, मग माणूस.

"अंबर. कौन?"

ती बोलायला लागली. बोलत राहिली. तिकडून नुसतं हॅलो हॅलो. मग तिला आठवलं, बिष्ट बोलताना मुठीत काहीतरी दाबायचा. बोटांनी चाचपलं तर दांडीला कळ होती. दाबली.

"...तोफा बंद करा म्हणावं, दादा. आमचे मालक हायेत तिथं."

"मलिक साहब?" तिकडचा आवाज जरा सावरून बसला. "मलिक साहब गरुड पर हैं. गरुड की लाइन डेड है. बाद में करो."

आणि खट. पुन्हा खरखर.

भिवराबाईनं दांडा फिरवला. या वेळी आवाज चिडका होता. त्यानं सांगितलं, की मलिक साहेबांची लाइन बंद आहे म्हटलं ना.

"मलिक न्हवं, मालक. मेरे मालक. घरवाले. तोफ के सामने हाय वो."

मग त्या माणसाला कळलं असावं, की ही कुणी फौजेतली न्हवं, गावातली बाई आहे, आणि त्याला कळलं ते तिच्या फायद्याचं न्हवतं. कारण परवाच कुणा रिकामटेकड्यानं पाथरीच्या अंगाला असाच डबा उचलून कापसाचा भाव विचारला होता. त्यावरून ह्या माणसाला साहेबाची बोलणी बसली होती. तेव्हापासून नियम कडक: जो ठिकाणाचं नाव घेईल त्यालाच ठिकाण जोडून द्यायचं. हे बिष्टनं तिला हसत सांगितलं होतं.

"ये फौजी लाइन है, बाई. किसको माँगता? स्टेशन का नाम बोलो. नाम बोलेगा तो मिलेगा."

"तोफांवाले."

"नाम."

तिला नाव माहीत होतं. तिच्याइतकं ते नाव त्या अख्ख्या तारेवर कुणाला माहीत न्हवतं. ते घशाशी आलं, आणि तिथं तिची आई उभी होती, आईची आई उभी होती. नाव घेतलं तर आयुष्य कमी. न घेतलं तर आत्ताच संपतंय. कपाळावरून घाम नाकावर आला.

"ते... लांबडं," ती म्हणाली. "लांबड्याला द्या."

"लंबू? कौन लंबू?"

"जनावर. फण्याचं." आणि तिनं हाताचा फणा करून दाखवला. दाखवल्यावर तिला कळलं, की आपण तो एका डब्याला दाखवतोय.

"साँप निकला है तो गाँव में बोलो. रख रहा हूँ मैं."

डोंगराकडं बघितलं तर काही हललं न्हाई. ऊन तसंच. लांब कुठंतरी बिष्ट वाकला असंल, दातांनी तारेची साल काढत असंल.

"ठैरो," भिवराबाई म्हणाली. "लेती हूँ. नाव घेते."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, डोळे मिटले, आणि लग्नातल्या त्या दारात जाऊन उभी राहिली.

"काळ्या घोंगडीला पांढरी दशी,
भुजंगरावाचं नाव घेते मेंढरांच्यापाशी."

मग तो माणूस हळूच म्हणाला, "क्या बोला? फिर से."

आता परत. एकदा नाव घेतलं ते कमी होतं म्हणून की काय, परत. आणि नुसतं घ्यायचा धीर तिला अजून झाला नव्हता. तिनं घोंगडीपासून सुरुवात केली, दशीवर आली, नावावर आली, आणि मेंढरांपर्यंत पोचायच्या आत तिकडं खट झालं. तिला वाटलं ठेवला. पण खरखर बदलली होती. अंबरवाला दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, की साहेब, एक बाई आहे, गाणं म्हणतीय, आणि गाण्यात तुमचं नाव घेतीय.

मग एक जाड, नवीन आवाज तिच्या कानात आला.

"भुजंग बोल रहा हूँ."

परका पुरुष, नवऱ्याचं नाव लावून कानाशी बोलतोय. तिनं पदर आणखी पुढं घेतला आणि कळ एवढी दाबली की बोट पांढरं पडलं.

"साब, डोंगर के नीचे कोल्ह्याची घळ हाय. पळस हायेत बघा, त्याच्या बगल में. मेरा आदमी हाय उधर. मेंढरं हाय. उसको मालूमच न्हाई, साब. काल संपलं म्हणून गेला. तोफ मत उडाओ."

"कौनसी घळ? नाले वाली?"

"हौ. नाला."

"वो तो गरुड को दिखती नहीं..." आवाज स्वतःशीच म्हणाला, आणि त्याच श्वासात कानात तिसराच माणूस घुसला, लांबचा, वाऱ्यातला, खूश झालेला. बिष्टनं जोड मारला होता. डोंगर बोलत होता.

"हॅलो भुजंग, गरुड. लाइन ओके. एक तोप, तैयार होते ही फायर..."

"रुको," जाड आवाज ओरडला. "गरुड, रुको. रोक, सब रोक." मग तो तारेत न्हवं, तारेबाहेर, कुणाच्या तरी अंगावर ओरडत गेला.

आणि धरणी हादरली.

एकच. आधी धडका पायातून वर आला, मग कानात. डालग्याखालची कोकरं एकदम गप्प झाली. डोंगराच्या पायथ्याकडून धुळीचा एक खांब वर चढला आणि सावकाश एका अंगाला कलला. भिवराबाईच्या हातातून दांडी गळून पडली. तिला तेवढ्यात एकच हिशेब सुचला: दोनदा नाव घेतलं होतं.

डब्यातून बारीक आवाज येत होते. तिनं उचललं न्हाई. त्या डब्याला तिचं जेवढं द्यायचं तेवढं तिनं दिलं होतं. ती मातीत बसून राहिली आणि धूळ विरेपर्यंत त्या जागेकडं बघत राहिली, विरल्यावरही बघत राहिली. कोकरं भुकेनं ओरडायला लागली. तिला उठवलं न्हाई.

बिष्ट आला तेव्हा त्याची सायकल न्हवती. वाटेत टाकून तो पळत आला होता. आणखी तोफा कामून उडाल्या न्हाईत म्हणून त्यानं पिशवीतला फोन मधल्या जोडाला लावून ऐकलं होतं, आणि तिथं त्याला सगळं कळलं. तो भिवराबाईसमोर उकिडवा बसला. त्याच्या ओठाला तारेनं कापल्याचं रक्त होतं. मैंने जोड़ा, दीदी, एवढंच तो म्हणाला. ती त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

डब्याची घंटी वाजली. बिष्टनं उचललं, ऐकलं, हां सर म्हणाला. परत हां सर म्हणाला. दांडी खाली ठेवली. मनकर्णाबाईंनी शिकवलं होतं तसं मोठ्यानं ओरडायला तो उभा राहिला, पण कुजबुजल्यासारखं म्हणाला,

"भुजंग जिंदा है."

भिवराबाईनं पदरानं तोंड झाकलं आणि मग जी रडली, की गावातून परतणाऱ्या मनकर्णाबाई वाटेतूनच फुंकणी शोधत आल्या.

तो दिवेलागणीला आला. पुढं मिलिटरीची जीप, मागं मेंढरं, मेंढरांमागं तो, तणतणत. आपण काय चोरी केली, म्हणत होता. बसलो होतो गुमान पळसाखाली, भाकर सोडत होतो. तेवढ्यात धडाड आवाज झाला, पलीकडच्या कड्यावर जमीन उडाली, मेंढरं चहूकडं पांगली, आणि मग ही जीप आली ओरडत. एक गाभण मेंढी अजून सापडली न्हाई, ती कोण देणार? हे सगळं तो खूप मोठ्यानं बोलत होता. भिवराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्याच्या डाव्या अंगानं म्हणाली, आधी पाणी प्या. त्यानं वळून बघितलं न्हाई. तिनं उजवीकडं जाऊन तेच म्हटलं, तेव्हा त्यानं तांब्या घेतला.

दुसऱ्या दिवशी एक साहेब चौकशीला आला. तरुण, नीटनेटका, मराठी बोलणारा, खुर्ची न्हवती म्हणून खताच्या पोत्यावर बसलेला. आवाजावरून भिवराबाईनं त्याला ओळखलं. कालचा जाड आवाज. त्यानं बिष्टला, अंबरवाल्याला, सगळ्यांना काय विचारायचं ते विचारून घेतलं होतं. गरुडाला जी जागा दिसत न्हाई तिथं माणूस पाठवल्याशिवाय इथून पुढं तोफ उडणार न्हाई, आणि मुंजाजी आपलं ढोलकं घेऊन वाड्यापर्यंत येईल, हे त्यानं आधी सांगितलं. हरवलेल्या मेंढीचंही बघतो म्हणाला. मग त्यानं विचारलं, बाई, तुमच्या मालकाचं नाव?

भिवराबाईनं मान खाली घातली.

"काल तर घेतलंत," साहेब म्हणाला. "दोनदा. माझ्या सगळ्या जवानांना आता ती घोंगडी पाठ आहे."

"काल घेतलं ते घेतलं," भिवराबाई म्हणाली. "आज कामून घेऊ? आज ते समोर बसलेत की."

मनकर्णाबाईंनी मग खाकरून, जणू बक्षीस द्यायचं असल्यासारखं, लेकाचं पूर्ण नाव बापासकट सांगितलं. वर विचारलं, की आता तरी तुमच्या तारेवरनं ते काढणार का. साहेब म्हणाला, काढलं. आजपासून तोफांना कमळ म्हणतात. त्यावर मनकर्णाबाईंचा चेहरा जरासा पडला. काही झालं तरी त्या नावानं तोफा चालल्या होत्या.

फौज गेली. बांधावरची तार रिळावर परत गुंडाळून नेली. बाभळीच्या फांदीला घासल्याची खूण तेवढी राहिली. बिष्टनं जाताना भिवराबाईच्या पायाला हात लावला.

भुजंगचा डावा कान काही परत आला न्हाई. उजव्यानं भागतं, म्हणायचा तो. मेंढरं काय कानात थोडीच बोलतात. उखाण्याची गोष्ट त्याला गावभरच्या तोंडून कळली होती. एकदा तरी म्हण, असं तो तिला कितीदा तरी म्हणाला. तिनं काही म्हटलं न्हाई.

पण संध्याकाळी, मेंढरं वाघरीत गेली की तो विडी ओढत दगडावर टेकायचा. तेव्हा भिवराबाई चुलीकडं जाताना मुद्दाम त्याच्या डाव्या अंगानं जायची. तिथं क्षणभर थांबायची, आणि घोंगडी नको, दशी नको, नुसतं नाव घ्यायची. हळू. बाई नवऱ्याला हाक मारते तसं.

कधी कधी त्याला सावली दिसायची. तो वळून विचारायचा, "काय म्हणालीस?"

"काही न्हाई," ती म्हणायची. "भाकर झालीय म्हनलं."